प्रमाणपत्रावाचून प्रवेश : कै. डॉ. आनंदीबाई जोशी

आपल्या ज्ञातीतील थोर व्यक्तींची नामावळी करावयास बसले असता कै. डॉ. आनंदीबाई गोपाळ जोशी यांचे नाव अग्रभागी येते. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. त्यांची चरित्रे लिहिली गेली, त्यांच्या जीवनावर कादंबरी झाली, नाटक झाले, २०१९ साली चित्रपटही निघाला. शुक्र ग्रहावरील एका विवरास त्यांचे नाव देण्यात आले आहे. असे असूनही त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट सामान्यतः दोन ओळींत उरकली जाते. ती अशी की, वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागतेवेळी त्या महाविद्यालयास अपेक्षित असलेले शिक्षण त्यांच्याजवळ नव्हते. त्या मॅट्रिक झालेल्या नव्हत्या. सलग अशी शाळा त्यांनी पाहिलीच नव्हती. त्यांचा अर्ज आजच्या एखाद्या कचेरीत आला असता तर पहिल्याच चाळणीत तो बाजूस पडला असता.

यंदाच्या स्मरणिकेसाठी हाच विषय निवडण्यास कारण आहे. आपल्या पवईत १९५८ साली भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. त्या संस्थेच्या प्रवेशद्वारावरून ये-जा करीत वाढणाऱ्या येथील मुलांच्या कानी प्रवेश-परीक्षा हा शब्द बाराखडीच्या मागोमाग पडतो. ज्यांचा ओढा वैद्यकाकडे आहे त्यांच्यापुढे नीट नावाची ७२० गुणांची परीक्षा उभी असते. निकालाच्या दिवशी कोणाच्या घरी पेढे वाटले जातात, तर कोणाच्या घरी दार लोटून घेतले जाते. पेढे वाटणाऱ्या घरांची नावे आपल्या स्मरणिकांतून दरवर्षी छापली जातात. दार लोटून घेतलेल्या घरांकरिता मात्र आपल्यापाशी काही शब्द नसतात. आनंदीबाईंचे चरित्र त्या घरांकरिता आहे, म्हणून ते पुन्हा एकदा आणि थोड्या निराळ्या दृष्टीने सांगण्याचे योजिले आहे.

पवईहून कल्याण काही दूर नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली आणि पुढील वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणपर्यंत पोहोचली. त्या कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी एका कन्येचा जन्म झाला. तिचे नाव यमुना. वडील गणपतराव हे जमीनजुमला असलेले गृहस्थ होते, परंतु घराण्याची पूर्वीची संपन्नता उतरणीस लागली होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, यमुनेचा विवाह झाला. वर गोपाळ विनायक जोशी हे टपाल खात्यात कारकून होते. ते बिजवर असून वधूपेक्षा वयाने पुष्कळ मोठे होते. विवाहापूर्वी त्यांनी एक अट घातली होती, ती हुंड्याची नव्हे, तर पत्नीस शिकविण्याची मोकळीक असावी अशी होती. यमुनेची आनंदी झाली आणि तिचे अध्ययन सुरू झाले.

हे अध्ययन कसे चालले, हे नीट ध्यानी घेतले पाहिजे. टपाल खात्याची नोकरी म्हणजे बदलीची नोकरी. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, पुढे कलकत्ता व श्रीरामपूर अशी या दांपत्याची भ्रमंती झाली. प्रत्येक ठिकाणी गाव नवे, भाषा नवी आणि शेजारीपाजारीही नवे. मधून मधून मिशनच्या शाळेत जाण्याचा योग आला, परंतु बहुतेक सारी विद्या घरातच आणि पतीच्याच हाताखाली झाली. गोपाळराव विक्षिप्त आणि तापट होते. अभ्यासात कसूर झाली की ते मारीत असत. त्या मारहाणीचा उल्लेख आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या पत्रात स्पष्टपणे केला आहे. ज्याने शिकविले त्याचे ऋण त्या मानीत असत, परंतु ज्या रीतीने शिकविले ती रीत त्या विसरल्या नाहीत. चरित्रलेखकानेही या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगितल्या पाहिजेत. बाहेरही सुख नव्हते. पुस्तके हाती घेऊन, पायांत बूट घालून रस्त्याने जाणारी ब्राह्मणाची सून म्हणजे लोकांच्या दृष्टीने चेष्टेचा विषय होता. मुंबईत काय किंवा कलकत्त्यास काय, लोकांच्या टवाळीतून वाट काढूनच त्यांना चालावे लागे.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस पुत्र झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. त्या काळी घरोघरी बाळंतिणी आणि अर्भके अशीच जात असत. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा मरण बरे असे मानणाऱ्या स्त्रियांस औषधपाणी मिळणार तरी कोठून? स्त्रियांवर उपचार करण्यास शिकलेली स्त्रीच पाहिजे, हा विचार आनंदीबाईंच्या मनात रुजला तो या दुःखातून. आजच्या भाषेत ज्यास ध्येय म्हणतात ते त्यांना कोणी व्याख्यानातून दिलेले नव्हते. ते त्यांच्या मांडीवर दहा दिवस निजलेले होते.

१८७८ साली कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांच्या मार्फत पत्नीच्या शिक्षणासाठी साह्याची याचना केली. ते पत्र प्रिन्स्टन येथील वाइल्डर नामक पाद्र्याकडे गेले आणि त्यांच्या मिशनरी मासिकात उत्तरासह प्रसिद्ध झाले. उत्तराचा मथितार्थ असा होता की, प्रथम ख्रिस्ती धर्माचा स्वीकार करावा. ती अट जोशी पतिपत्नीस मान्य नव्हती. प्रकरण तेथेच थांबले. हा झाला पहिला नकार.

या नकारातून पुढे जे निष्पन्न झाले ते कोणाच्याही योजनेत नव्हते. दोन वर्षांनी, १८८० मध्ये, न्यू जर्सी प्रांतातील रोझेल या गावच्या कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्या मासिकाचा जुना अंक त्यांच्या हाती आला. ते पत्र वाचून त्यांचे मन द्रवले आणि त्यांनी आनंदीबाईंस पत्र लिहिले. पुढे पत्रांची ये-जा सुरू झाली आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आनंदीबाईंची प्रकृती तेव्हापासूनच बरी नसे. डोकेदुखी, ज्वर, अशक्तता पाठ सोडीत नसत. या मावशीने सातासमुद्रांपलीकडून त्यांच्यासाठी औषधे पाठविली.

पुढे बंगालमध्ये असताना थॉर्बर्न नावाच्या एका वैद्य दांपत्याने फिलाडेल्फिया शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव सुचविले. केवळ स्त्रियांस वैद्यक शिकविण्यासाठी निघालेल्या जगातील अगदी पहिल्या संस्थांपैकी ही एक असून तिची स्थापना १८५० साली झाली होती. गोपाळरावांस नोकरी सोडून बरोबर जाणे शक्य नव्हते. तेव्हा अठरा वर्षांची पत्नी एकटीने जाईल असे ठरले. ही वार्ता फुटताच चोहोकडून गहजब झाला. समुद्रोल्लंघन हे पाप, त्यातून स्त्रीने केलेले, त्यातून एकटीने! आप्तेष्ट दुरावले आणि ज्ञातीने डोळे वटारले. आज आपण ज्यांचे छायाचित्र सभागृहात लावतो त्यांना त्या वेळी आपल्याच मंडळींनी काय वागणूक दिली, हे या पानांवर लिहिण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. जी संघटना पूर्वजांचा गौरव वारशाने मागते, तिने त्यांच्या चुकाही वारशाने घेतल्या पाहिजेत.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. आपण अमेरिकेस का जातो, येथेच शिक्षणाची सोय का होत नाही, एकटीने का जातो, जातिबहिष्काराचे भय वाटत नाही काय, या प्रश्नांची उत्तरे त्यांनी एकामागून एक दिली. आपण हिंदू म्हणून जात आहोत आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा निश्चय त्यांनी त्या सभेत जाहीर केला. अंगावरील दागिने विकून प्रवासाच्या पैशाची तजवीज झाली. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा कार्पेंटर मावशी धक्क्यावर उभ्या होत्या.

आता प्रवेशाचा प्रश्न आला. महाविद्यालयाचे काही नियम होते, आणि ते वाचल्यावर आपण त्यांत पूर्णपणे बसत नाही हे आनंदीबाईंच्या ध्यानी आले. अशा प्रसंगी माणसापुढे दोन वाटा असतात. एक वाट उणीव झाकण्याची आणि दुसरी निराश होऊन परत फिरण्याची. आनंदीबाईंनी तिसरी वाट धरली. १८८३ च्या त्या उन्हाळ्यात रोझेलहून त्यांनी महाविद्यालयाच्या चालकांस पत्र लिहिले. त्यात त्यांनी प्रथमच कबूल केले की, आपल्या सर्व अटी मी पुऱ्या करू शकेन असे मला वाटत नाही. त्यानंतर आपले काय काय शिकून झाले आहे ते त्यांनी सांगितले, परंतु ते फुगवून सांगितले नाही. आपली परिस्थिती सर्वसामान्य विद्यार्थिनींहून वेगळी आहे, तिचा सहानुभूतीने विचार व्हावा, अशी विनंती त्यांनी केली. स्वकीयांच्या व ज्ञातीच्या एकवटलेल्या विरोधास न जुमानता ज्या निश्चयाने आपण येथवर आलो तो निश्चय अभ्यासातही उपयोगी पडेल, असे त्यांनी नम्रतेने सुचविले. अखेरीस आपला हेतू त्यांनी मांडला. ज्या देशभगिनी पुरुष वैद्याचा उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात त्यांना खरे वैद्यकीय साह्य देणे, हा तो हेतू होता.

हे पत्र म्हणजे प्रवेश-अर्ज कसा असावा याचा वस्तुपाठ आहे. त्यात बढाई नाही की रडगाणे नाही. परिस्थितीचा उल्लेख आहे, परंतु सबब म्हणून नव्हे, तर खुलासा म्हणून आहे. उणीव आधी, तयारी नंतर आणि हेतू शेवटी, असा त्याचा क्रम आहे. एखाद्या विद्यार्थ्यास कमी गुण पडले असता त्याचे आईबाप प्रथम परीक्षकास दोष देतात, मग शाळेस, मग नशिबास. आनंदीबाईंजवळ दोष देण्यासारखे पुष्कळ होते, तथापि तो कागदावर उतरविण्यात त्यांनी एक ओळही खर्च केली नाही.

महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. अर्जदारांची पारख करण्याचा त्यांना दीर्घ अनुभव होता. त्यांनी व चालकमंडळींनी प्रवेश मंजूर केला आणि शिष्यवृत्तीचीही व्यवस्था केली. हा केवळ दयेचा भाग होता काय? तसे वाटत नाही. प्रमाणपत्र आणि पात्रता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या मंडळींस उमगले होते. १८८३ साली मराठी मुलीने हायस्कुलाचे प्रमाणपत्र आणावे तरी कोठून? पुण्यातील मुलींचे सुप्रसिद्ध हायस्कूल, ज्यास आपण हुजूरपागा म्हणतो, ते सप्टेंबर १८८४ मध्ये उघडले. त्या वेळी आनंदीबाईंचे फिलाडेल्फियातील पहिले वर्ष संपलेलेही होते. जी शाळा अजून निघालीच नाही तिचा दाखला मागणे हा अन्याय ठरला असता. पलटणीसारख्या बदल्या होणाऱ्या घरात, मार खात, अनेक भाषांच्या मुलखांतून फिरत एका मुलीने इंग्रजीत व्याख्यान देण्याइतकी मजल मारली होती. ही मजल कोणत्याही गुणपत्रिकेत मावणारी नव्हती, परंतु तिची नोंद घेण्याइतके ते परीक्षक डोळस होते.

याच काळात आपल्या देशातच घडलेले एक उदाहरण तुलनेसाठी ठेवण्याजोगे आहे. बंगालमधील कादंबिनी गांगुली या १८८३ साली कलकत्ता विश्वविद्यालयाच्या बी. ए. झाल्या. म्हणजे त्यांच्याजवळ प्रमाणपत्र होते आणि तेही पदवीचे होते. तरी कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिरण्यास त्यांना झगडावे लागले, आणि अभ्यासक्रम पुरा केल्यावरही एका विषयात अनुत्तीर्ण ठरवून त्यांना मुख्य पदवी नाकारण्यात आली. १८८६ साली दुय्यम पदवी घेऊन त्यांनी वैद्यकीचा व्यवसाय केला आणि तो अनेक वर्षे उत्तम रीतीने चालविला. एकीजवळ कागद होता, पण दार अर्धेच उघडले. दुसरीजवळ कागद नव्हता, पण दार उघडले. तेव्हा कागद आणि दार यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

दार उघडले खरे, परंतु आत गेल्यावर कोणतीही सवलत नव्हती, आणि चरित्राचा हा भाग प्रवेशापेक्षाही महत्त्वाचा आहे. शरीररचना, रसायन, औषधिविज्ञान, शल्यविद्या, प्रसूतिशास्त्र हे सारे विषय इतर विद्यार्थिनींस होते तसेच आनंदीबाईंस होते आणि परीक्षाही तीच होती. त्यांच्या सहाध्यायिनींस शाळेत वर्षानुवर्षे मिळालेली पायाभरणी त्यांना रात्री जागून स्वतःच करावी लागली. त्यात परका मुलूख आणि हाडे गोठविणारी थंडी. राहण्याच्या खोलीतील शेगडीचा धूर बाहेर जात नसे, म्हणजे एक तर थंडीने काकडावे किंवा धुराने गुदमरावे. आहार शाकाहारी आणि तोही अपुरा. अंगावर लुगडे. दुरून पतीची पत्रे येत, त्यांत धीर थोडा आणि संशय व उपदेश फार. मधून आजार येऊन गेले आणि शरीर आतून पोखरत चालले. असे असूनही त्यांनी अभ्यासात खंड पडू दिला नाही.

त्या महाविद्यालयात १८८५ साली काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंच्या सोबत जपानच्या ओकामी आणि सीरियाच्या इस्लामबूली या दोन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात आहेत. आपापल्या मायदेशी ज्यांना वैद्यकाचे दार बंद होते अशा तिघी एका चौकटीत आल्या. हे छायाचित्र पाहिले म्हणजे त्या महाविद्यालयाचे धोरण एका व्यक्तीपुरते नव्हते, हे समजून येते.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंस वैद्यकाची पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. दहा दिवसांच्या अर्भकाच्या मृत्यूपासून निघालेली वाट अशा रीतीने त्या विषयाशीच येऊन पोहोचली. पदवीदान समारंभास गोपाळराव उपस्थित होते, ते आदल्या वर्षीच अमेरिकेस आले होते. आनंदीबाईंच्या नात्यातील पंडिता रमाबाई त्यासाठी मुद्दाम इंग्लंडहून आल्या. बॉडलीबाईंनी ही वार्ता व्हिक्टोरिया राणीस कळविली आणि राणीकडून अभिनंदनाचे उत्तर आले. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची सूत्रे त्यांना देऊ केली. ज्या गावातून आठ वर्षांपूर्वी याचनेचे पत्र गेले होते, त्याच गावातून आता नेमणुकीचे पत्र आले.

यापुढील कथा सर्वांस ठाऊक आहे. क्षयाने शरीराचा ताबा घेतला होता. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या स्वदेशी परतल्या. ज्यांनी पूर्वी निंदा केली होती त्यांपैकीही पुष्कळ जण आता दर्शनास आले. परंतु कोल्हापूरची जागा त्यांना कधीच सांभाळता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. वयास बावीस वर्षे पूर्ण होण्यास महिना उरला होता. त्यांच्या अस्थींचा काही अंश कार्पेंटर मावशीकडे पाठविण्यात आला. न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत तो विसावला आहे. जिच्या घराने तिला आपली मानले, त्या घराने मृत्यूनंतरही तिला जागा दिली.

ज्यांनी एकाही रुग्णावर स्वतंत्रपणे व्यवसाय केला नाही त्यांचे यश ते कोणते, असे कोणी विचारील. याचे उत्तर आनंदीबाईंनंतर जे घडले त्यात आहे. मराठी मुलींच्या पुढच्या पिढ्या वैद्यकाकडे वळल्या तेव्हा हे अशक्य आहे असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा उरली नव्हती. अशक्य ही सबब आनंदीबाईंनी कायमची काढून टाकली.

आता आजच्या विद्यार्थ्याने आणि पालकाने यातून काय घ्यावे? आजच्या नियमांत पत्र लिहून प्रवेश मिळत नाही, आणि माझ्या मते मिळूही नये. जागा थोड्या आणि इच्छुक लाखांनी असताना सर्वांस एकच परीक्षा नसेल तर वशिला आणि पैसा हेच परीक्षक होऊन बसतील. शिवाय वैद्यकात उणे ज्ञान चालत नाही, त्याची किंमत रुग्ण मोजतो. तेव्हा आनंदीबाईंचे नाव घेऊन परीक्षेस नावे ठेवणे हा त्यांच्या चरित्राचा विपर्यास होईल. त्यांनी परीक्षा टाळली नाही. प्रवेशाच्या वेळी जी तपासणी झाली ती त्यांच्या सचोटीची व निश्चयाची होती, आणि नंतर तीन वर्षे जी झाली ती ज्ञानाची होती. या दोहोंत त्या उतरल्या.

परंतु घेण्याजोग्या गोष्टी आहेतच. पहिली, १८७८ चा नकार आणि १८८३ चा प्रवेश यांच्यामध्ये पाच वर्षे गेली. आपण मात्र एका जून महिन्याच्या निकालावर सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे अवघे आयुष्य जोखून मोकळे होतो. दुसरी, आपली उणीव स्वच्छपणे सांगता येणे हीसुद्धा एक योग्यता आहे. ज्याला आपण कोठे कमी पडलो ते नेमके सांगता येते, तो ते भरून काढण्याच्या वाटेवर अर्धा पोहोचलेला असतो. तिसरी, हेतू जर खरोखरच रुग्णसेवेचा असेल तर वैद्यकीय पदवी हा एकच मार्ग नाही. परिचर्या, औषधनिर्माण, भौतिकोपचार, प्रयोगशाळेतील तपासणी या मार्गांनीही माणसाचे दुःख हलके करता येते, आणि तेथेही निष्ठावान माणसांची तूट आहे. हेतू केवळ दारावरील पाटीचा असेल तर गुण कितीही पडोत, रुग्णास त्याचा लाभ थोडाच.

चौथी गोष्ट सर्वांत जड आहे. आनंदीबाईंनी शरीराची पर्वा केली नाही आणि शरीराने त्याचा सूड घेतला. त्यांना दुसरा उपाय नव्हता, आपल्या मुलांस तो आहे. रात्रंदिवस जागून, जेवणखाण सोडून, मन मारून अभ्यास करणाऱ्या मुलास शाबासकी देण्यापूर्वी त्याच्या तोंडाकडे एकदा निरखून पाहावे. प्रवेशापेक्षा मूल मोठे आहे. ज्या हातून पुढे रोगी बरे व्हावयाचे, ते हात प्रथम धडधाकट राहिले पाहिजेत. शिकविण्यासाठी मारणे हे तर त्या काळीही समर्थनीय नव्हते, आणि शब्दांचा मार हाही मारच असतो.

सरतेशेवटी आपल्या ज्ञातिबांधवांस व भगिनींस एक सूचना करावीशी वाटते. गुणवंतांचा सत्कार आपण करतो तो योग्यच आहे, तो बंद व्हावा असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्याच निधीतील काही रक्कम अशा एका विद्यार्थ्यासाठी वेगळी ठेवावी की, ज्यास या वर्षी गुण कमी पडले, पण ज्याचा निश्चय ढळलेला नाही आणि ज्याच्या घरी दुसऱ्या प्रयत्नाचा खर्च झेपणारा नाही. त्याची निवड गुणपत्रिकेवरून करू नये. त्याच्याकडून एक पत्र मागवावे. आपण कोठे कमी पडलो, आतापर्यंत काय तयारी केली आणि हे शिक्षण कोणासाठी हवे आहे, एवढ्या तीनच गोष्टी त्याने त्यात लिहाव्यात. ते पत्र वाचावयास अनुभवी शिक्षक, एखादे डॉक्टर आणि घर चालविणारी एखादी जाणती भगिनी अशी तीन माणसे पुरेत. त्याचे नाव समारंभात पुकारू नये व छापूही नये, कारण साह्य घेताना मान खाली घालावी लागली तर ते साह्य नव्हे.

१८८३ साली आपल्या ज्ञातीस जे जमले नाही ते परक्या गावातील एका गृहिणीने आणि परक्या देशातील एका महाविद्यालयाने केले. त्याची फेड कोल्हापूरच्या रुग्णालयात व्हावयाची होती, ती राहून गेली. आपल्यापैकी एखाद्या घरातील लोटलेले दार पुन्हा उघडून ती थोडीफार करता आली तर करावी.